कलगोंडानं झडप का उचलली

बोरगावात स्टँडकडून बाजारपेठेत शिरताना चौक लागतो, त्याला हुतात्मा कलगोंडा चौक म्हणतात. पाटीवर कन्नड वर आहे, मराठी खाली. त्यावरूनही एकदा गावात चांगलीच जुंपली होती, पण ते राहू दे. वर्षातून एकदा तिथं मांडव पडतो, फोटोला हार चढतो आणि पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर पद्माक्का बसते. पद्माक्का म्हणजे पद्मावती, कलगोंडाची बायको. नवरा गेला तेव्हा तिची तिशीसुद्धा आली नव्हती. आता गुडघे बोलायला लागलेत, खुर्चीतून उठताना दोघींचा हात लागतो.

भाषण ठरलेलं, मारुतीरावांचं. हे रिटायर हेडमास्तर, माईक दिसला की उचलली जीभ लावली टाळ्याला. पहिल्या वर्षी ते म्हणाले होते की, पळवून नेलेल्या विमानात कलगोंडानं जिवावर उदार होऊन खिडकीची झडप उचलली आणि बाहेरच्या सैनिकांना खूण केली. टाळ्या पडल्या. पुढं काही वर्षांनी खूण करता करता त्यानं एका अतिरेक्याच्या कानफटात पण वाजवली. गेल्या खेपेला तर बंदूकच हिसकावून घेतली. अजून काही वर्षं मारुतीराव टिकले, तर कलगोंडा ते विमान स्वतः चालवत बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीवर उतरवणार, यात शंका नाही.

पद्माक्का हे सगळं मांडीवर नारळ धरून ऐकायची आणि मनात म्हणायची, हा कोण गं बाई?

कारण तिचा कलगोंडा पालीला भ्यायचा. न्हाणीत पाल दिसली की अंगाला साबण तसाच, टॉवेल गुंडाळून परड्यात उभा, आणि तिथनं हाक, "पद्मा, ती बघ गं, हाकल गं तिला!" निपाणीच्या बाजारात त्याचा गुळाचा व्यापार. कुणी वजनात मारलं तर "असू दे, त्येचंबी पोट हाय" म्हणून गप्प बसायचा. भांडण दिसलं की रस्ता बदलायचा. खाण्याचा मात्र भलता शौकीन. बाजार आटपून रात्री परतताना निपाणीच्या स्टँडवर मुगाची भजी हाणायची, घरी येऊन पुन्हा ताटावर बसायचं, आणि वर विचारायचं, "काय गं, आमटीला आज चव कशी काय आली?" बायको चिडायची, हा हसायचा. असा माणूस. त्यानं अतिरेक्याच्या कानफटात मारली म्हणे! पाल मारली असं कुणी सांगितलं असतं तरी पद्माक्कानं शपथ घालून विचारलं असतं.

पण बोलायचं कुणाजवळ? हुतात्म्याच्या बायकोनं हुतात्मा भित्रा होता असं सांगायचं असतं का?

झालं होतं ते असं. आखातात एका भाऊबंदाचं दुकान होतं, त्यानं बोलावलं म्हणून कलगोंडा गुळाचे नमुने घेऊन गेला. काम झालं, मुंबईच्या विमानात बसला, आणि ते विमान वाटेतच पळवलं गेलं. पळवणाऱ्यांनी ते पश्चिमेला, पार लांबच्या वाळवंटातल्या विमानतळावर नेऊन उतरवलं. खिडक्यांच्या झडपा पाडल्या, माणसं सीटला खिळवली आणि मागण्या सुरू केल्या. काही दिवस गेले. मग एके दिवशी कलगोंडाला गोळी घातली. पुढं सैनिक आत शिरले, त्या गोळीबारात आणखी माणसं गेली, उरलेली सुटून घरी आली. कलगोंडा पेटीतून आला. सुटलेल्यांपैकी कुणीतरी पेपरवाल्यांना एवढंच सांगितलं होतं की, त्या माणसानं झडप उचलली म्हणून त्याला मारलं. आता गोळी घालतील हे ठाऊक असून माणूस झडप उचलतो, म्हणजे कशाला उचलणार? खूण करायलाच. पेपरवाल्यानं तसं छापलं. त्याची तरी काय चूक? कुणालाही तसंच वाटलं असतं.

पद्माक्काचा मुलगा श्रेयांस तेव्हा दीड वर्षाचा. तिनं गुळाचा धंदा दिराकडं सोपवला, वाटणीला आलेल्या रानात स्वतः उभं राहून ऊस केला, भुईमूग केला, पोरगं वाढवलं. बिनबापाचं पोर म्हणजे गावाच्या तोंडी सापडलेलं पोर. पण ह्या पोराला कुणी "तुला बाप न्हाय" म्हणून हिणवलं नाही. शाळेत पंधरा ऑगस्टला झेंड्याशेजारी उभं केलं, बेळगावात कॉलेजला गेला तर तिथंही मास्तरांनी नाव विचारून पाठ थोपटली. पद्माक्कानं हे बघितलं आणि तोंड शिवून घेतलं. खोटं असेना, पोराच्या डोक्यावर छप्पर तर आहे. आज श्रेयांसचं खताबियाण्यांचं दुकान आहे. नाव काय? हुतात्मा कृषी सेवा केंद्र. आता तो नगरपंचायतीला उभा राहायच्या गोष्टी करतो. बाकी पोरगा चांगला आहे, आईला कधी उलट बोलत नाही. म्हणजे, बोलत नव्हता.

गेल्या वर्षी दारात एक जीप थांबली आणि पूर्णिमा नावाची बाई उतरली. पूर्णिमा मूळची खानापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. बाप मिलिटरीत, म्हणून वाढली बेळगावात कॅम्पात. आता सिनेमे काढते. त्या विमानाचाच सिनेमा काढतेय म्हणाली, मुंबईचे निर्माते पैसे घालतायत, आणि विमानाच्या आतलं सगळं शूटिंग इथंच मच्छ्याला, कारखान्यांच्या वस्तीत, एका बंद पडलेल्या शेडमध्ये होणार आहे.

श्रेयांसला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं कात्रणांची पिशवी काढली, मारुतीरावांना फोन लावला, पेढे मागवले. पूर्णिमानं सगळं ऐकून घेतलं आणि मग पद्माक्काकडं वळून विचारलं, "काकू, त्यांना जेवायला काय आवडायचं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पद्माक्का तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दिवस मावळायच्या आत जेवू घालूनच सोडली. भजी सांगितली, पाल सांगितली, साबण लावून परड्यात उभा राहिलेला नवरा सांगितला. दोघी इतक्या हसल्या की श्रेयांस दोनदा दारात येऊन बघून गेला.

दुसऱ्यांदा पूर्णिमा आली तेव्हा हसत नव्हती. "काकू, तुम्हाला एक ऐकवायचंय," म्हणाली. "कलगोंडाकाकांच्या शेजारच्या सीटवर एक नर्स होती. सिल्विया सिस्टर, मंगळूरच्या. आजवर कुणाशी बोलल्या नव्हत्या. माझ्याशी बोलल्या. त्या आणि काका दोघं कन्नड बोलत होते, म्हणून काय बोलणं झालं ते विमानात दुसऱ्या कुणाला कळलंच नाही."

श्रेयांस येऊन उभा राहिला. पूर्णिमानं मोबाईल पोळपाटाला टेकवून ठेवला. बोरगावात कन्नड कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हाताऱ्या बाईचा आवाज हळूहळू बोलायला लागला.

"झडपा सगळ्या बंद होत्या. उचलाल तर गोळी घालू, असा दम दिलेला. दिवस का रात्र, काही कळायचं नाही. जेवणाची पाकिटं यायची ती शेजारच्या अण्णांच्या घड्याळात रात्र झाल्यावर. अण्णा हात लावायचे नाहीत. कधी मला द्यायचे, कधी मागच्या म्हातारीला. मी विचारलं तर म्हणाले, नेम आहे, दिवस बुडाल्यावर तोंडात काही घालत नाही. मी म्हटलं, पाणी तरी? पाणीही नाही. आणि दिवसा कोण देणार? दिवसा कुणी काही आणतच नव्हतं. मग एकदा पाकिटं आली तेव्हा अण्णांचे हात थरथरत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, अण्णा, तुमचं घड्याळ इंडियाचं आहे. आपल्याला पश्चिमेला आणलंय, इथं दिवस उशिरा बुडतो. बाहेर ऊन असेल, खावा. तर म्हणाले, असेल म्हणून कसं खायचं, बाई? बघायला पाहिजे. मी म्हटलं, नका बघू. त्यांनी पाकीट मांडीवर ठेवलं आणि दोन बोटांनी झडप एवढीशी वर केली. ऊन होतं. त्यांच्या तोंडावर पडलं. माझ्याकडं वळून हसले आणि म्हणाले, 'इन्नू ऐत्री.' "

इन्नू ऐत्री. अजून हाय की.

"तेवढंच बोलले," सिस्टर म्हणाली. "मी ते घड्याळाचं बोलले नसते तर..." आणि पुढं नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

पद्माक्कानं पदर तोंडाला लावला. पूर्णिमाला वाटलं रडतेय. ती हसत होती. "हेच!" म्हणाली. "हेच ते! बघितल्याबिगर खाणार न्हाईत! अगं, घरातसुदिक आभाळ भरून आलं की ताट बाजूला सारून परड्यात जायचे बघायला, दिवस हाय का बुडाला. घड्याळात बघा की म्हटलं तर म्हणायचे, घड्याळ काय, चावी दिली की पळतंय!" इतक्या वर्षांनी तिला तिचा नवरा भेटला होता. चौकातल्या फोटोतला नव्हे, परड्यात उभं राहून आभाळाकडं बघणारा.

आणि मग हसता हसता ती थांबली, कारण तो नेम कुणापायी होता ते तिला आठवलं. विसरली कधी होती म्हणा!

जैनाच्या घरात दिवसा जेवायची चाल आहे हे खरं, पण धंद्यापाण्याची माणसं ते सगळीच पाळतात असं नाही. कलगोंडा तर रात्रीच्या भज्यांवर जगणारा. पण श्रेयांसच्या वेळी पद्माक्का अडली. रक्त थांबेना. निपाणीहून बेळगावला हलवली, तिथंही डॉक्टरांनी मान हलवली. तेव्हा हा माणूस कॅम्पातल्या दवाखान्यातून जो निघाला तो थेट गावच्या बस्तीच्या देवळात, देवासमोर. तिथं मुनी महाराज उतरले होते. त्यांच्या पायाशी बसून म्हणाला, माझी पद्मा वाचू दे, जन्मभर रात्रीचं तोंड बांधलं. पद्मा वाचली. पुढं तीच त्याला म्हणायची, "परवासात चालतंय हो, महाराज सूट देत्यात." तर कलगोंडा घाबरून इकडंतिकडं बघायचा, जणू कुणी ऐकेल. "नगं गं," म्हणायचा. "मी घास खायचा आणि तुला काय झालं म्हंजे?" त्याची अशी समजूतच होऊन बसली होती. नेम मोडला की बायको जाणार. कुणी सांगून उपयोग नव्हता.

म्हणजे विमानात तो भुकेनं थरथरत बसला होता तो बोरगावातल्या पद्मासाठी. आणि पद्मा त्या वेळी काय करत होती? रेडिओला कान लावून, खिरीची वाटी घेऊन पोराच्या मागं पळत होती.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. श्रेयांसलाही कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या जन्मापायी बापानं नेम घेतला, हे पोराला कोण सांगतं?

पूर्णिमानं मग तिची अडचण सांगितली. "काकू, निर्मात्यांना खूणच पाहिजे. लोक हिरो बघायला येतात म्हणतात. मी भांडीन त्यांच्याशी. सिस्टर सांगतात तेच दाखवायचं माझ्या मनात आहे. पण माणूस तुमच्या घरातला आहे. तुम्ही नको म्हणालात तर खूणच राहील, माझा शब्द आहे."

"खूणच राहणार!" श्रेयांस म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, तुम्ही चहा प्या आन् जावा."

पूर्णिमा गेली आणि घरात वाजलं. श्रेयांस आईसमोर असा कधी बोलला नव्हता. "भाकरीपायी मेला म्हणायचं माझा बाप? पाकीट फोडायला झडप उचलली म्हणून मेला? उद्या त्या चौकात माणसं हसतील, आई. मारुतीराव काय तोंड दावतील?"

"मारुतीरावाच्या तोंडाचं मला नगं सांगू. त्येला तोंड सोडून दुसरं हायच काय?"

"आन् मी?" श्रेयांस म्हणाला. "मी बाप बघितला न्हाय. मला त्येचा आवाज म्हाईत न्हाय, वास म्हाईत न्हाय. मला म्हाईत हाय ते एवढंच, खूण केली. तेवढंबी तू काढून घेतलीस तर माझ्याकडं बापाचं राहतंय काय?"

पोरगं खोटं बोलत नव्हतं. तिनंच त्याला त्या चौकातल्या फोटोवर वाढवलं होतं, तिनंच मांडवात पहिल्या रांगेत मांडीवर घेऊन बसवलं होतं. आता एकाएकी म्हणायचं, बाळा, तो तुझा बाप नव्हे, तुझा बाप दुसराच होता, घाबरट होता, भुकेला होता. कुठल्या तोंडानं म्हणायचं? नवरा सांभाळायचा का पोरगा सांभाळायचा, असा तिढा पडला. इकडं आड, तिकडं विहीर.

श्रेयांसनं बोलणं टाकलं. दुकानातून यायचा, गपचूप जेवायचा, मोबाईल बघत बसायचा. सून राजश्री दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी. "अत्ती, हे विचारतायत, उसाला पाणी कुणी दिलं?" "सांग त्येला, त्येच्या आईनं दिलं, अजून जिती हाय."

असेच दिवस गेले आणि पूर्णिमाचा फोन आला. झडपेचा प्रसंग ह्याच आठवड्यात घेतोय, या म्हणाली. पद्माक्का निघाली तर श्रेयांस गाडीची किल्ली घेऊन दारात उभा. "एकटीला कशी सोडू?" म्हणाला. खरं म्हणजे आई तिथं काय बोलेल याची त्याला धास्ती होती.

शेडमध्ये अर्धं विमान उभं होतं. बाहेरून प्लायवूड आणि खिळे, आतून अगदी खरं, सीटा, पडदे, दिवे. एका बाजूच्या खिडक्यांबाहेर मोठ्ठे दिवे लावलेले, झडप उघडली की ऊन पडल्यासारखं दिसावं म्हणून. प्रवासी झालेली माणसं सगळी मच्छ्याची आणि आसपासची. मागच्या सीटवरची अर्धपोटी म्हातारी म्हणून गुणाबाई नावाच्या बाईला बसवलं होतं आणि ती निवांत पान चघळत होती. "गुणाबाई, तुम्ही तीन दिवस पोटभर जेवला नाहीत," असं पूर्णिमाचा माणूस तिसऱ्यांदा सांगत होता. "मग कवा जेवू सांगताय?" गुणाबाई म्हणाली.

आणि खिडकीशी बसलेला कलगोंडा बघून पद्माक्कानं कपाळावर हात मारला. एरवी मारामाऱ्यांच्या सिनेमात काम करणारा नट, मांडीएवढे दंड. "एवढ्या दंडाचा माणूस आमच्या घराण्यात झाला न्हाय," ती पूर्णिमाच्या कानात म्हणाली. पूर्णिमा म्हणाली, "काकू, तो निर्मात्यांनी दिलाय. पण माणूस चांगला आहे."

पहिल्यांदा खूण घेतली. नटानं दात आवळले, इकडंतिकडं बघितलं, खाडकन झडप वर केली आणि हात हलवला. धाड! नट कोसळला. आजूबाजूच्या चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. श्रेयांसनंही वाजवल्या, आणि आईकडं बघितलं.

नट उठून आला, पद्माक्काच्या पाया पडला. "काकू, बरोबर झालं?"

पद्माक्का गप्प राहिली असती. गाडीत बसल्यापासून तिचं तेच चाललं होतं, की गप्प बसावं, पोरगं सुखात राहू दे. पण त्या नटानं मान वाकवून विचारलं आणि तिला वाटलं, हा निदान विचारतोय तरी. आपणच खोटं सांगायचं तर मग त्या माणसाला ओळखणारं जगात उरलं कोण?

"बाळा, चांगलं केलंस," ती म्हणाली. "पण तू घाबरला न्हाईस. ते लई घाबरट हुते."

"आई," श्रेयांस म्हणाला.

"थांब रं. बोलू दे मला." तिनं नटाचाच हात धरला, कारण पोराकडं बघून बोलणं जमलं नसतं. "ते पालीला भ्यायचे. माणूस मोठ्यानं बोलला तर भ्यायचे. बंदूक कवा बघितलीबी नसंल. तिथं किती भ्यालं असतील, माझं मला म्हाईत. आन् तरी झडप उचलली. का उचलली? लोकं म्हणतील भूक लागली हुती. भूक तर दिवसामागनं दिवस लागली हुती. भुकेपायी उचलायची असती तर पाकीट मांडीवर हुतं, झडप उचलायची गरजच काय? फोडायचं आन् खायचं. अंधार हुता, कोण बघतंय?"

गुणाबाईचं पान चघळायचं थांबलं होतं.

"नेम हुता. हा पोरगा झाला तवा मी मरत हुते. दवाखान्यानं हात टेकलं. तवा ह्यांनी बस्तीत जाऊन रातचं जेवण सोडलं, माझ्या जिवापायी. त्यांच्या डोस्क्यात बसलं हुतं, रातचा घास खाल्ला की पद्मा मरंल. दिवस हाय का बुडाला, ते बघितल्याबिगर कसं खातील? चुकून रात असली म्हंजे? बंदुकीचं भ्या हुतंच की. पण मी मरंन ह्येचं भ्या त्येच्यापेक्षा मोठं हुतं." तिनं पदरानं नाक पुसलं. "त्यांनी कुणाला खूण केली न्हाय. ते मला जपत हुते."

श्रेयांस खिडकीबाहेरच्या त्या मोठ्या दिव्याजवळ उभा होता. पद्माक्कानं आता त्याच्याकडं बघितलं. त्याचा चेहरा दिसत नव्हता.

पूर्णिमानं हळू आवाजात विचारलं, "घ्यायचं का, काकू?"

"घे."

नट जाऊन बसला. त्यानं मांडीवर पाकीट घेतलं आणि त्याकडं बघत राहिला. एवढा दांडगा माणूस, पण खांदे आत ओढून असा बसला की निम्मा दिसायला लागला. घड्याळ बघितलं. शेजारच्या नर्सचं काम करणारी बाई काहीतरी कुजबुजली, ह्यानं मान हलवली. मग पाकीट मांडीवर नीट ठेवलं, सांडू नये असं, आणि दोन बोटांनी झडप एवढीशी वर केली. पिवळा उजेड त्याच्या तोंडावर पडला. डोळे बारीक झाले, आणि तो हसला. पोर सुट्टी मिळाल्यावर हसतं तसा. नर्सकडं वळून म्हणाला, "इन्नू ऐत्री."

धाड!

ह्या वेळी टाळी कुणी वाजवली नाही. नट सीटवर कलंडलेला, पाकीट मांडीवर तसंच, आणि झडपेच्या फटीतून उजेड त्याच्या गुडघ्यांवर पडत राहिलेला. पूर्णिमासुद्धा 'कट' म्हणायचं विसरली. मग म्हणाली.

पद्माक्का खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. ते असं होतं तर. आजवर तिच्या डोळ्यासमोर यायचं ते अंधारात मेलेलं माणूस. ऊन बघितलं होतं त्यांनी. हसले होते. नेम मोडला नव्हता, पद्मा वाचली होती, आणि आता जेवायचं होतं. रडू आलं ते तिनं येऊ दिलं, तिथंच, सगळ्या मच्छेकरांच्या देखत.

श्रेयांस तिच्याजवळ आला आणि खुर्चीशेजारी जमिनीवरच बसला. कितीतरी वेळ त्या पाकिटाकडं बघत होता. बापाच्या फोटोला आजवर त्यानं कितीतरी हार घातले असतील, पण त्याला बापासाठी रडताना पद्माक्कानं कधी बघितलं नव्हतं. हुतात्म्यासाठी कोण रडतं? आता त्याच्या मिश्या भिजल्या होत्या.

पूर्णिमा येऊन उभी राहिली. "श्रेयांसदादा," तिनं विचारलं, "कुठला ठेवू?"

"ह्योच ठेवा," तो म्हणाला. त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "पण ताई..." त्यानं त्या पाकिटाकडं बोट दाखवलं. "गोळी जरा थांबून मारा की. दिवस हुताच न्हवं अजून? सिनेमात तरी आप्पास्नी एक घास खाऊ द्या की."

पूर्णिमानं पद्माक्काकडं बघितलं. पद्माक्काच्या ओठावर 'दे' आलं होतं. कुणाचं काय बिघडणार होतं? एकच घास. तिनं पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

"न्हाय रं बाळा," ती म्हणाली. "खाल्लं न्हाय त्यांनी."